शंका-समाधान : शाळेतलं स्टेम, किट आणि आपला वर्ग

मागच्या अंकात स्टेमबद्दल थोडं लिहिलं होतं, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणित हे चार सुटे डबे न करता एकमेकांना जोडून शिकवायची पद्धत. त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले. काही पालकांचे, जास्त शिक्षकांचे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतलेत.

प्रश्न : नमस्कार ताई, माझी मुलगी सहावीत आहे. शाळेने या वर्षीपासून स्टेम सुरू केलंय, त्याची वेगळी फी आहे. आठवड्यातून एक तास रोबोटिक्स असतं, किटसोबत आलेल्या पुस्तकात बघून मुलं गाडी जोडतात, गाडी चालते, ग्रुपवर फोटो येतो. हे खरंच स्टेम आहे का, आणि ते आम्ही पालकांनी ओळखायचं कसं? – एक पालक, पुणे

ओळखायला सोपं आहे, मुलीलाच विचारा. गाडी चढावर का थांबते? चाक मोठं लावलं तर काय होईल? चाकाचा घेर मोजला तर दहा फेऱ्यांत गाडी किती लांब जाईल ते आधीच सांगता येईल का? ती यातल्या एकावर जरी "थांब, करून बघते" म्हणाली ना, तर तास चांगला चाललाय असं समजा. "सरांनी सांगितलं तसं जोडलं" एवढंच म्हणाली तर ती जोडणी शिकतेय. ते वाया गेलं असं मी म्हणत नाही, हाताला वळण लागतं, पण त्याला स्टेम म्हणून वेगळी फी घ्यायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेत गेलात तर अजून एक बघा. तीस मुलांच्या तीस गाड्या हुबेहूब सारख्या निघत असतील तर त्या तासात निर्णय एकाही मुलाने घेतलेला नाही, सगळे निर्णय किट बनवणाऱ्याने आधीच घेऊन ठेवलेत. आणि गणिताच्या बाईंना त्या तासाबद्दल काही माहितीये का ते पण विचारा, बहुतेक ठिकाणी माहिती नसते, बाहेरून एक ट्रेनर येतो, तास घेतो, जातो. गणिताचा आणि विज्ञानाचा वर्ग आहे तसाच राहतो. मग जोडलं काय?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. ट्रेनिंगमध्ये आम्हाला फाइव्ह-ई मॉडेल सांगितलं, पाच पायऱ्या, पीपीटी दाखवली. पण ३५ मिनिटांचा पिरियड, त्यात दोन वर्ग एकत्र, साहित्य नाही. पाच पायऱ्या बसवायच्या कुठे? – शिक्षिका, सोलापूर जिल्हा

ताई, पहिली गोष्ट म्हणजे त्या पाच पायऱ्या एका पिरियडमध्ये बसवायच्याच नाहीयेत. ट्रेनिंगमध्ये पाठ टाचणाचा नमुना देतात आणि त्यात पाचही रकाने एका तासाचे दाखवतात म्हणून हा गोंधळ होतो. हे मॉडेल १९८७ मध्ये अमेरिकेतल्या बीएससीएस या विज्ञानाचे अभ्यासक्रम बनवणाऱ्या संस्थेत रॉजर बायबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं ते पूर्ण घटकासाठी. एक घटक चार-पाच तास चालतो, त्यात आधी उत्सुकता, मग मुलांनी स्वतः हात लावून शोधणं, मग समजावणं, मग तेच नवीन ठिकाणी वापरणं, आणि पडताळणी. इंग्रजीत या पाचही पायऱ्यांची नावं 'ई'ने सुरू होतात म्हणून फाइव्ह-ई. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, रॉबर्ट कार्प्लस नावाचे भौतिकशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात प्राथमिक शाळेतल्या मुलांना विज्ञान शिकवायला लागले होते, त्यांच्या तीनच पायऱ्या होत्या, आणि खरा मुद्दा तेव्हापासून एकच आहे की शोधणं आधी आणि समजावणं नंतर. आपल्याकडे उलटं होतं. व्याख्या फळ्यावर, मग प्रयोग, आणि प्रयोगाचं उत्तर मुलांना आधीच पाठ असतं. तुम्ही बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढा क्रम तेवढा बदला.

साहित्य नाही म्हणालात म्हणून लंबकाचं सांगते, यात एक जाड दोरा आणि सायकल दुकानातले तीन-चार नट लागतात बस. दोन वर्ग एकत्र असले तरी चालतं, उलट बरंच आहे, सातवीची पोरं मोजतील, सहावीची लिहून घेतील.

पहिल्या दिवशी फक्त लटकवा आणि विचारा, हा झोका लवकर पूर्ण व्हावा म्हणून काय करू? तीन उत्तरं हमखास येतात. जड नट लावा, जोरात ढकला, दोरा लहान करा. तिन्ही फळ्यावर लिहा, बरोबर-चूक काहीही बोलू नका, चेहऱ्यावर पण दिसू देऊ नका. मग गट करा आणि मोजू द्या. एक झोका मोजायला गेले तर स्टॉपवॉच दाबण्यातच वेळ चुकतो, मुलं आपसात भांडायला लागतात, माझं बरोबर तुझं चूक, आणि त्यातूनच कुणीतरी म्हणतं की दहा झोके मोजू आणि दहाने भागू. हे त्यांच्याकडून येऊ द्या, थोडा वेळ गेला तरी जाऊ द्या, कारण सरासरी कशासाठी काढायची हे त्यांना त्या क्षणी जेवढं कळतं तेवढं पुस्तकातली दहा गणितं सोडवून कळत नाही.

एक झोका म्हणजे जाऊन परत येणं. दोरा २५ सेंटिमीटर ठेवला तर दहा झोक्यांना जवळपास १० सेकंद लागतात, १ मीटर ठेवला तर २०. म्हणजे दोरा चौपट, वेळ दुप्पट. नट बदलला तरी वेळ तोच. झोका लहान ठेवला तर थोडं कमी-जास्त ढकलूनही फरक कळण्याइतका पडत नाही. पण इथे एक गोष्ट सांभाळा, दोन-तीन नट एकाखाली एक असे लटकवले तर वजनाचा मध्य खाली सरकतो, म्हणजे दोरा लांब केल्यासारखंच झालं, आणि मुलं म्हणतात बघा बाई वजनाने वेळ वाढला. २५ चे २७ सेंटिमीटर झाले तर दहा झोक्यांना १० च्या ऐवजी १०.४ सेकंद लागतात, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर हे दिसतं. त्यामुळे सगळे नट एकाच ठिकाणी बांधायचे आणि लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजायची. असं झालंच एखाद्या गटाचं तर सोन्यासारखी संधी समजा, त्यांचा आणि शेजारच्या गटाचा आकडा शेजारी शेजारी लिहा आणि का वेगळा आला ते त्यांनाच शोधू द्या.

दोलनकाळ, म्हणजे एका झोक्याला लागणारा वेळ, हा शब्द तिसऱ्या दिवशी सांगा. तोपर्यंत त्यांनी तो मोजलेला असतो, आता फक्त नाव मिळतं.

मग चौथ्या दिवशी काम द्या, बरोबर एक मिनिट मोजणारं घड्याळ बनवा. साठ झोके म्हणजे साठ सेकंद, २५ सेंटिमीटर दोरा, पोरांना वाटतं झालं. पण हलका नट असला तर झोका विरत जातो, शेवटचे झोके धड दिसतच नाहीत. आता वजन कामाला येतं, जड लंबक जास्त वेळ टिकतो. टांगायचं कुठे? दोरा घासतो कुठे? ज्या फुटपट्टीला बांधलंय ती हलतेय का? कालपर्यंत हे विज्ञान होतं, आज इंजिनिअरिंग झालं, गणित तर पहिल्या दिवसापासून होतंच. पडताळणीसाठी लेखी पेपर नको, एवढंच विचारा की झोपाळ्यावर एकाऐवजी दोघं बसले तर झोका हळू जाईल का? कारणासकट उत्तर देणाऱ्या मुलाला विषय कळलाय.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. स्टेम काय, फाइव्ह-ई काय, सगळं परदेशातून आणायचं. आपल्याकडे असं काही झालंच नाही का? – एक वाचक, जळगाव

सर, झालंय, आणि भरपूर झालंय, तुमच्या जिल्ह्यात पण झालंय. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ चं, त्या केंद्राने सत्तरच्या दशकात खिरोदा परिसरातल्या शाळांबरोबर काम केलं होतं, तुमच्या पिढीतल्या कुणाला तरी आठवत असेल.

सगळ्यात मोठं काम मात्र मध्य प्रदेशात झालं. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरममधल्या, सहावी ते आठवीच्या फक्त १६ सरकारी शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात केली. १९७८ ला तो कार्यक्रम पूर्ण जिल्ह्यात गेला, १९८२ ला त्यातूनच एकलव्य ही संस्था उभी राहिली. पुस्तकाचं नाव बाल वैज्ञानिक, आणि त्यात उत्तरं नव्हती, प्रयोग आणि प्रश्न होते, उत्तर मुलाने करून वहीत लिहायचं. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत न्यायची परवानगी होती, प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी. शिक्षकांच्या दर महिन्याला बैठका व्हायच्या, कोणता प्रयोग फसला यावर चर्चा व्हायची. मुलं सवालीराम नावाच्या एका काल्पनिक माणसाला पत्रं लिहायची आणि त्यांना खरंखुरं उत्तर यायचं. मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी फक्त पुस्तक बदललं नाही, परीक्षा, ट्रेनिंग आणि साहित्याचा पुरवठा तिन्ही एकदम बदललं. आज आपण जे काही फ्रेमवर्क म्हणून आणतो त्यात पुस्तक बदलतं, परीक्षा तीच राहते आणि मग शिक्षक परीक्षेसारखंच शिकवतो, त्यात त्याचा दोष काय?

२००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांत चाललेलं काम होतं ते. याचं मला आजही वाईट वाटतं. पण पुण्याशी त्याचा धागा आहे, टेल्कोत काम करणारे इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबादला गेले आणि तिथे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमितीचे आकार बनवले. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलतो, म्हणून पुलाला आणि छपराच्या कैचीला त्रिकोण असतात, हे काडीपेटीत कळतं. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं हेच केलं.

आणि महाराष्ट्रातलं म्हणाल तर पाबळ. शिरूर तालुक्यातलं पाऊस कमी असलेलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग, अमेरिकेत डॉक्टरेट केलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन करणारे शास्त्रज्ञ, १९८३ मध्ये तिथे गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं होतं की मुलाने गावाला लागणारं खरं काम करावं आणि त्या कामातून विज्ञान शिकावं. यातूनच शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आला, आठवी ते दहावी, आठवड्यातून एक दिवस, चार भागांत : अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. शिकवायला गावातलेच कारागीर. वेल्डिंग करायचं, वायरिंग करायचं, मातीचं परीक्षण करायचं, आणि गावात कुणाला सेवा दिली तर तिचा हिशेब पण मुलांनीच ठेवायचा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने २००२ च्या सुमाराला फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने हवी ती वस्तू बनवायची छोटी कार्यशाळा, ही कल्पना बाहेर नेली तेव्हा एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक पाबळला उभी राहिली. स्टेम हा शब्द आपल्या शाळांच्या बोर्डावर यायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही. नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना हाताचं काम शिकायचं असं म्हटलंय, चांगलंच आहे, पण पाबळचा दर आठवड्याचा एक दिवस मला त्यापेक्षा कितीतरी पक्का वाटतो. दहा दिवसांत ओळख होते, हात बसत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेला अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सगळं आहे पण शिक्षक हात लावायला घाबरतात, बिघडलं तर जबाबदार कोण? मुलं वर्षातून एकदा तपासणीच्या वेळी लॅब बघतात. – मुख्याध्यापक, ग्रामीण भाग

सर, मोकळेपणाने लिहिलंत ते बरं केलंत. मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या या लॅबची योजना नीती आयोगाची, २०१६ पासूनची, सहावी ते बारावीसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. पैसा येतो, पण लॅबमध्ये करायचं काय हा प्रश्न शाळेनेच सोडवायचा असतो. आधी स्टाफ मीटिंगमध्ये लेखी ठरवा की वापरताना बिघडलं तर कुणालाही विचारणा होणार नाही. हे तुम्ही मुख्याध्यापक म्हणूनच करू शकता, दुसरं कोणी नाही.

मग मशीनपासून सुरू करू नका, अडचणीपासून करा. अमेरिकेत २०१३ मध्ये आलेल्या विज्ञान शिक्षणाच्या नव्या मानकांत एक फरक फार छान केलाय, विज्ञानात प्रश्न विचारायचा असतो, इंजिनिअरिंगमध्ये अडचण नेमकी मांडायची असते. तुमच्या गावात अडचणींची कमी नसणार. गायीचंच घ्या. औषधाचा डोस वजनावर असतो आणि गावात जनावराचा वजनकाटा नसतो. पशुपालनात एक सूत्र वापरतात, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून मागच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले १०,८४०, की किलोमध्ये अंदाजे वजन येतं. घेर १५० आणि लांबी १२० असेल तर साधारण २४९ किलो.

आता दहावीच्या मुलांना विचारा, हा १०,८४० आला कुठून? गायीचं धड म्हणजे आडवा दंडगोल धरा, महत्त्वमापनाच्या धड्यातलं सूत्र लावा, घनता पाण्याइतकी धरा, तर भाजक येतो साधारण १२,५६६ आणि वजन २१५ किलो. मग वरचे ३४ किलो कुठले? डोकं, पाय, मान! आणि धड काही अगदी दंडगोल नसतं. यावर मुलं तासभर वाद घालतात. मग त्यांना टेप बनवू द्या, ज्यावर घेराच्या शेजारी थेट वजन छापलेलं असेल. आता लांबी एकच धरायची की दोन टेप करायचे? लहान वासराला चालेल का? टेप ओला झाला तर? डेअरीवर जाऊन शेतकऱ्यांना दाखवा, पशुवैद्यकाला विचारा. त्याची पट्टी, डबी, अडकवायचा हूक बनवताना थ्रीडी प्रिंटर आपोआप सुरू होईल, आणि तो सुरू करायला मुलंच शिक्षकांना ओढून नेतील.

गोव्यातून पण एका शिक्षिकेने विचारलंय की कोडिंग-रोबोटिक्स सुरू झालं पण कॉम्प्युटर कमी, काय करू. तुम्हालाही हेच उत्तर, मशीनपासून सुरू करू नका, आधी कागदावर पायऱ्या लिहून एका मुलाने दुसऱ्याला वर्गातून नळापर्यंत न्यायचं, सूचना चुकली की भिंतीवर. दुरुस्त करून पुन्हा. एका कॉम्प्युटरवर तीन मुलं बसली तरी चालतं, फक्त कीबोर्ड ठरावीक वेळाने बदलत राहा नाहीतर एकच जण शिकतो.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. गणितासाठी अबॅकस लावू की सिंगापूर मॅथ्स, फार ऐकतेय त्याबद्दल. – एक आई, ठाणे

अबॅकसने आकडेमोड वेगात होते, पण आकडेमोड म्हणजे गणित नव्हे. सिंगापूरच्या पद्धतीत दम आहे, आणि तिला क्लास लागत नाही. आधी वस्तू हातात, मग चित्र, मग चिन्ह, हा क्रम मुळात जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून घेतलाय. सिंगापूरने तो ऐंशीच्या दशकात पुस्तकांत आणला आणि १९९० पासून त्यांच्या अभ्यासक्रमाच्या मध्यभागी कोडं सोडवणं आहे. घरी एवढं करा, कागदाच्या सारख्या पट्ट्या कापा, एक अर्धी दुमडा, एक तिसऱ्या भागात, एक चौथ्या. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, हे त्याला पट्ट्या शेजारी ठेवून सांगू द्या. मग वहीत पट्टीचं चित्र काढू दे. आकडे त्यानंतर. घाई करू नका, तिसरी आहे.

प्रश्न : हे सगळं छान आहे पण दहावीला मार्क मिळणार का? – एक वडील, नागपूर

मिळतात. विज्ञानाचे ४० - ४० चे दोन पेपर आणि २० मार्कांचं प्रात्यक्षिक, हे तर तुम्हाला माहीत आहे. ज्या मुलाने प्रयोग खरंच केलाय त्याला "का ते सांगा" प्रकारचे प्रश्न पाठ करावे लागत नाहीत. पण दहावीच्या दिवाळीनंतर हे सगळं सुरू करू नका, तेव्हा पेपर सोडवू द्या. सुरुवात पाचवी-सहावीत.

प्रश्न : ताई, मी बी.एड. करतेय, पुढच्या महिन्यात इंटर्नशिप आहे, सहा आठवडे. कुठून सुरू करू? – विद्यार्थिनी, कोल्हापूर

अगं, एक घटक निवड, एकच, आणि तो तुझ्या शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांना विचारून निवड म्हणजे त्यांचा सिलॅबस अडकणार नाही. प्रयोग वर्गात न्यायच्या आधी घरी स्वतः कर, निदान दोनदा, वेगवेगळ्या वेळी. मुलं काय अंदाज करतील ते आधी लिहून ठेव आणि तास झाल्यावर त्यांनी खरंच काय म्हटलं ते त्याच वहीत शेजारी लिही, तारखेसकट. अरविंद गुप्तांच्या वेबसाईटवर मराठी पुस्तकं आणि खेळण्यांचे व्हिडिओ फुकट आहेत, तिथून कल्पना मिळतील. सुट्टी मिळाली की मैत्रिणींना घेऊन पाबळला जाऊन ये, आधी फोन करून जा. आणि दोरा-नट घेऊन जायचंच असेल तर फुटपट्टी तुझी तू ने, शाळेतल्या पट्ट्यांचं शून्याकडचं टोक बहुतेक झिजलेलं असतं.